पाव गोळी

गोळी अडकित्त्याखालून उडते, एवढंच गोपाळराव बोलले होते. तक्रार म्हणून नव्हे, गिऱ्हाईक दुकानदाराशी उभ्या उभ्या बोलतं तसं. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ कुलदीपचं मेडिकल. एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं तो पाकीट स्टेपल करत होता. "तोडता कायले काकाजी? डॉक्टरनं तर पुरी लिहिली आहे." "असंच," गोपाळराव म्हणाले. "तोडा बाप्पा, तुमची गोळी. पण घरात कोणी पोटुशी बाई असंल तर तिचा हात नका लागू देऊ त्या तुकड्याइले." "काहून?" "भुगा चामडीतून अंगात जाऊ शकते म्हणतेत. पोटात पोरगा असला तर त्याच्या लघवीच्या जागेची वाढ बिघडू शकते. आख्ख्या गोळीचं काही नाही, वरून लेप राहते. आन् पोरगी असली तरी काही नाही." आणि लगेच फोनमध्ये, "हां, बोला भाऊ, किती पेट्या पाठवू?" झालं. गोपाळरावांनी पुढे केलेली कापडी पिशवी तशीच हवेत राहिली. कुलदीपनं पाकीट तीत टाकलं आणि पुढच्या बाईची चिठ्ठी हातात घेतली. घरात पोटुशी बाई होती. दामिनी, त्यांची सून. तिला पाचवा महिना होता आणि गोळ्या तीच तोडत होती.

मोठ्या बाजारातल्या आपल्या साड्यांच्या दुकानाकडं चालताना त्यांचा हात डोक्यावर गेला. हल्ली तो जायचाच. टाळूवर, जिथं तीस वर्षं गुळगुळीत चामडी होती, तिथं बोटांना आता बारीक, मऊ, खरेखुरे केस लागायचे. दरवेळी लागले की गोपाळरावांना आत कुठंतरी बरं वाटायचं. आज बोटं तिथं पोचली आणि त्यांनी हात झटकन खाली घेतला, अन् कोणी पाहिलं की काय म्हणून आजूबाजूला बघितलं. कोण बघणार? कपडा बाजारात सगळे आपापल्या गिऱ्हाइकात होते. दोन वर्षांपूर्वी हे सगळं सुरू झालं ते लघवीपासून. उभं राहायचं, वाट बघायची, थेंब थेंब. बाहेर यावं तर पुन्हा जावंसं वाटायचं. तुमसरला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते तीनदा मंडपाबाहेर गेले, आणि नवरदेवाच्या मामानं अक्षता हातात घेऊन विचारलं होतं, "काहो गोपाळराव, कोणाले शोधून राहिले?" शेवटी नागपूरचा डॉक्टर म्हणाला, पुरुषाच्या पोटात तळाशी सुपारीएवढी गाठ असते, तुमची लिंबाएवढी झाली. घाबरू नका, गोळी घ्या, हळूहळू आटोपेल. गोळी घेतली, आटोपलं. आणि सहा-आठ महिन्यांनी न्हावी धनीराम मानेमागे कात्री धरून थबकला. "शेटजी, हे काय जी! इथं तं पीक उभं होऊन राहिलं!" दोन आरसे समोरासमोर धरून त्यानं दाखवलं. गोपाळरावांनी आरशात स्वतःची टाळू पाहिली आणि आपण चौसष्टाव्या वर्षी लाजलो हे त्यांना स्पष्ट कळलं.

घरी तर हसण्याला ऊत आला. राधाबाई, त्यांची बायको, तेल गरम करून आणत आणि म्हणत, "आता नवरी पाहू काय तुमच्यासाठी?" त्यांनीही ओठातल्या ओठात हसून डोकं पुढं केलं. बाकीचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. छातीवर जरा मऊ आल्यासारखं झालं होतं, सदरा घासला की हुळहुळायचं. आणि दुसरंही जे काही उरलंसुरलं होतं ते निमूटपणे निघून गेलं होतं. कोणी विचारत नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. डोक्यावर तर येत होतं ना! आंधळगावच्या कोशाच्या रेशमी साड्या गिऱ्हाइकापुढं उलगडताना ते आता टोपी काढून बसायचे. माणूस एवढ्यावरही खूश होतो, काय करणार.

आणि मग अनुप. एकुलता एक मुलगा, साकोलीला सरकारी हापिसात कारकून, रोज बसनं अपडाऊन करणारा. सव्विसाव्या वर्षापासून त्याचे केस गळायला लागले. मुली बघायला गेलं की आधी टोपी घातलेला फोटो जायचा, मग टोपी काढलेला अनुप जायचा, आणि निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. सिहोऱ्याच्या दामिनीनं मात्र सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "केस काय चाटाचे आहेत?" तिथल्या तिथं लग्न ठरलं. पण अनुपच्या मनातलं ते गेलं नाही. एक दिवस तो आंघोळीच्या आधी टॉवेल खांद्यावर टाकून बापाजवळ आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "बाबा, ते तुमच्या डोक्याचं... त्या गोळीनंच काय?" बारावीनंतर पोरानं बापाला काही मागितलेलं गोपाळरावांना आठवत नव्हतं. त्या वेळी कोणी त्यांचं दुकान मागितलं असतं तर दुकान दिलं असतं. डॉक्टरकडं जायला अनुपला लाज वाटे, मेडिकलात मागायला त्याहून जास्त. गोपाळरावांनीच मोबाईलवर बघितलं. केसांसाठी पाव गोळी पुरते. पाव तर पाव! त्यांनी जेवणानंतरच्या सुपारीचा अडकित्ता घेतला, गोळी पात्यात धरली आणि दाबली. गोळी टप्पकन उडाली आणि कपाटाखाली गेली. स्वयंपाकघराच्या दारातून दामिनी खळखळून हसली. "द्या इकडे, मामाजी. तुमच्यानं सुपारी नाही फुटत, हे का फुटंल!" तेव्हापासून ते तिचं काम झालं. पाटावर बसायचं, गोळीचे चार तुकडे करायचे, डबीत ठेवायचे. पात्यावरचा पांढरा भुगा ती अंगठ्यानं निपटायची, अंगठा पदराला पुसायची, आणि त्याच अडकित्त्यानं गोपाळरावांची सुपारी कातरायला घ्यायची. एक खांड त्यांना, एक स्वतःच्या तोंडात. हे सगळं त्यांनी महिनोन्महिने समोर बसून बघितलं होतं. छान वाटायचं बघायला. मधेच केव्हातरी तिला दिवस गेले, राधाबाईंनी साखर वाटली, आणि भुगा निपटणं चालूच राहिलं.

आता दुकानात बसल्या बसल्या तो अंगठाच त्यांच्या डोळ्यांपुढं येत होता. गिऱ्हाईक म्हणे आंब्याच्या रंगाची दाखवा, ते जांभळी काढत. पोरगा असला तर. पोरगी असली तर काही नाही. कुलदीप किती सहज बोलला! एवढीशी पाव गोळी, तिचा भुगा तो केवढा, असं ते मनाला सांगायचे. आणि मन म्हणायचं, तुमच्या लिंबाएवढ्या गाठीला तिनं वठणीवर आणलं, तुमच्या टाळूवर केस उगवले, ते काय फुंकर मारून? लघवीला जाऊन आले, पुन्हा गेले. हा आजार आता आटोक्यात होता, तरी गेले. संध्याकाळी त्यांनी अनुपला बसस्टँडवरच गाठलं आणि चहाच्या टपरीमागं नेऊन सगळं सांगितलं. अनुपचा चेहरा उतरला. त्यानं चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाला, "तिले नका सांगू बाबा. आता झालं ते झालं. ती भेऊन भेऊनच मरंल. गोळी मी बंद करतो." आणि कप तसाच ठेवत, "टाळूवर येऊन राहिले होते जी." गोपाळरावांना त्याचा राग आला, लगेच दयाही आली, आणि मग दोन्ही गेलं. कारण पोरगा जे बोलला तेच त्यांनाही हवं होतं. सांगायचं नाही. सोपं होतं. दामिनीला त्यांनी घरी एवढंच सांगितलं की गोळी संपली, आता तोडायची नाही. "बरं," ती म्हणाली, आणि अडकित्ता पुसून सुपारीला घेतला. गोपाळरावांनी तो तिच्या हातून ओढलाच. साबणानं घासला, राखेनं घासला, पुन्हा साबणानं. राधाबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन?"

पण कोणाला तरी विचारल्याशिवाय जीव राहीना. दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर टाकून ते दामिनीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाकावर सगळ्या बायका, मधे एकटे हे. भिंतीवर बोर्ड: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. बोर्ड त्यांनी इतक्यांदा वाचला की अक्षरं हलायला लागली. आत गेले तेव्हा डॉक्टरीणबाई, नर्स आणि वजनकाट्यावर उभी एक बाई, तिघी त्यांच्याकडं बघू लागल्या. काय सांगायचं ठरवून आले होते? मला लघवीचा आजार आहे. गोळीनं केस येतात. पोराला दिली. सूनबाईनं तोडली. एकेक वाक्य घशापर्यंत आलं आणि त्या वजनकाट्यावरच्या बाईला बघून खाली गेलं. जोरात लघवी लागली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "सोनोग्राफी झाली ना बाई, दामिनीची... पोरगा आहे काय, तेवढंच कळलं असतं तर..." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "बाहेरचा बोर्ड वाचता येतो ना तुम्हाला? वयाकडे बघा जरा आपल्या! पोलिसांना फोन करू?" "तसं नाही बाई, मी..." "तसंच असतं. सुनेच्या तब्येतीचं काही विचारायचं असेल तर तिला घेऊन या. जा." बाकावरच्या बायकांनी पाय आत घेऊन त्यांना वाट करून दिली. एकजण मागून स्पष्ट म्हणाली, "केस पाहा कसे चोपडले बुढ्यानं." खरंच, निघताना त्यांनी तेल लावून भांग पाडला होता. का पाडला होता, देव जाणे.

त्यानंतर त्यांनी ज्याला विचारायला कोणाची आडकाठी नाही त्याला विचारायला सुरुवात केली. सकाळी देवासमोर हात जोडून उभं राहायचं आणि पुटपुटायचं. आधी नुसतं, सांभाळ बाप्पा. मग हळूहळू मागणं नेमकं होत गेलं. आयुष्यात ज्यांनी नातवाशिवाय दुसरं काही मनात आणलं नाही, पहिल्या महिन्यातच ज्यांनी दुकानाची पाटी 'आणि नातू' करू म्हणून थट्टा केली, ते गोपाळराव कळवळून म्हणायला लागले, "पोरगीच दे देवा. पोरगा नको. पोरगीच दे." आणि एका सकाळी मागं तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. दामिनी फुलं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचे डोळे बघता बघता भरून आले. "बाबा," ती म्हणाली. आजवर तिनं त्यांना मामाजीच म्हटलं होतं. "मी आमच्या घरची तिसरी पोरगी, बाबा. मी झाली तवा माझे बाबूजी घरी नाही आले, वावरात खऱ्यावरच झोपत जात म्हणे. माय सांगते. कोणी माझं तोंड नाही पाहिलं महिनाभर. आन् तुमी पोरगी मांगून राहिले!" ती खाली वाकून त्यांच्या पाया पडली. त्या वाकण्यानं पोटाला त्रास होईल म्हणून त्यांनी तिला धरून उभं केलं. बोलायचं होतं ते हेच, आत्ताच, एवढ्यातच. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या हातावर पडलं होतं, आणि असं पाणी त्यांच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत येऊन युग झालं होतं. त्यांनी तोंड बंद ठेवलं.

मग तर काही विचारू नका. दामिनीनं सिहोऱ्याला फोन केला, बहिणीला केला, शेजारच्या ललिताबाईंना सांगितलं. ललिताबाई दुकानात येऊन चार बायकांसमोर म्हणाल्या, "असा सासरा पायजे बाप्पा!" राधाबाई मात्र घुश्शात होत्या. "येडे झाले काय जी? मी पोराचा नवस बोलून बसली, तुमी उलटं मांगून राहिले. देवानं कोणाचं ऐकाचं?" जेवताना दामिनी त्यांच्या ताटात आधी वाढायची. डोक्याला तेल लावून देऊ का बाबा, विचारायची. प्रत्येक 'बाबा' त्यांना टोचायचा आणि तरी तो यावा म्हणून ते कान देऊन बसायचे, आणि या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त किळस यायची. रात्रीची झोप लघवीनं नेली होती, ती गोळीनं परत आली होती, ती आता पुन्हा गेली. पडल्या पडल्या ते तिच्या खोलीच्या बंद दाराकडं बघायचे. पोटातल्या त्या जिवानं अजून डोळेसुद्धा उघडले नसतील, आणि आपण त्याचं काही बिघडवून बसलोय. आणि त्याच्या आईला ते माहीतच नाही, ती आपल्याला भाकर जास्त वाढते आहे. हे असं किती दिवस चालणार होतं?

रविवारी दुपारी आंगणात साड्यांना ऊन दाखवणं चाललं होतं. कोशाच्या साड्या घडीत राहिल्या की घडीवर चिरतात. म्हणून अधूनमधून त्या काढायच्या, ऊन द्यायचं आणि जुनी मोडून नवी घडी घालायची. दोघं लागतात या कामाला. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडं चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. एका टोकाला गोपाळराव, दुसऱ्याला दामिनी. अनुप आत झोपला होता. दामिनी चालत जवळ आली, तिनं टोक पुढं केलं, आणि हसून म्हणाली, "बाबा, पोरगी झाली तर पहिली साडी हेच ठेवा तिच्या नावानं." आणि गोपाळरावांनी सांगितलं. टोक धरल्या धरल्या, जमिनीकडं बघत, सगळं. कुलदीप काय म्हणाला ते. भुगा. अंगठा. पोरगा असला तर काय होऊ शकतं ते, जसं कळलं होतं तसं, आडपडदा न ठेवता. संपलं तरी साडी दोघांच्या हातात तशीच होती.

दामिनीनं स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडं पाहिलं. मग हात पोटावर ठेवला, आणि मग, जणू तोच हात आहे हे आठवून, तिथून काढला. गोपाळरावांना ते बघवेना. "यांइले मालूम होतं?" तिनं खोलीकडं मान करून विचारलं. "हो," ते म्हणाले. "कवापासून?" "मले कळलं त्याच दिवसापासून." तिनं मान हलवली. तिचा आवाज आला, अगदी साधा. "म्हणून पोरगी मांगत होते तुमी." नाही म्हणता आलं असतं. नाही गं, तसं नाही, मला खरंच... एवढं म्हणायला किती लागतं? आणि तसं म्हणावं असं त्यांना फार वाटलं, कारण मधल्या दिवसांत मागता मागता त्यांच्या डोळ्यांसमोर खरंच एक लहान पोरगी दुकानात गादीवर बसून कापडाच्या चिंध्यांशी खेळायला लागली होती. पण ते आता कोणाला पटणार, आणि त्यांना स्वतःला तरी पटत होतं काय? "हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

"पोरगी झाली का तुमी सुटले," दामिनी म्हणाली. तिनं आपलं टोक त्यांच्या हातात दिलं आणि आत गेली. साडी अर्धी जमिनीवर लोळली. आतून अनुपचा आवाज आला, मग तिचा, मग रडणं, मग काहीच नाही.

सोमवारी सकाळी ती फाईल घेऊन बाहेर आली. अनुप मागं उभा होता, चपला शोधत. "तुमी साकोलीले जा," ती त्याला म्हणाली, आणि गोपाळरावांकडं मान करून, "हे येतीन माझ्यासंगं. यांनीच सांगाचं." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोपाळरावांना ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही परत आलात?" "हो बाई," गोपाळराव म्हणाले, आणि नर्स होती, दार उघडं होतं, बाकावरच्या बायका ऐकत होत्या, तरी त्यांनी सांगितलं. मला लघवीचा आजार आहे. त्या गोळीनं केस आले. पोराला टक्कल, म्हणून पाव पाव दिली. तोडली हिनं, हिला माहीत नव्हतं, मी विचारलं नव्हतं कोणाला. सगळी वाक्यं आली. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता मऊ झाल्या. त्यांनी दामिनीला विचारलं, किती दिवस तोडत होतीस, तुकडा कधी तोंडात घातलास का, हात धूत होतीस का. मग म्हणाल्या, "एवढ्याशा भुग्यानं सहसा काही होत नाही. सोनोग्राफीत काळजीचं काही दिसलेलं नाही. पुढच्या वेळी मी पुन्हा नीट बघीन, आणि काही आढळलं तर इलाज असतात. पण खात्री मी देत नाही, ती बाळ झाल्यावरच." आणि गोपाळरावांना म्हणाल्या, "हे त्या दिवशीच बोलला असतात तर?"

परत येताना ऑटो खांब तलावाजवळ गर्दीत अडकला. पाण्याकडून वारा येत होता, गोपाळरावांचे बारीक केस कपाळावर उडत होते आणि ते त्यांना जाणवत होते. काही होणार नाही, डॉक्टरीण म्हणालीच ना, असं काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी घसा साफ केला. "देवानं ऐकलं तर—" "मामाजी," दामिनी म्हणाली. ती पुढं रस्त्याकडंच बघत होती. "आता तुमी काही मांगू नका. पोरगी नाही, पोरगा नाही. जे मांगाचं ते मी मांगीन." ऑटो सुटला. घर येईपर्यंत तिनं फाईल दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवली होती.

त्या दिवशी दुपारचं जेवण रोजच्यासारखंच झालं. भात, वरण, वांग्याची भाजी. दामिनीनं वाढलं, कमी नाही, जास्त नाही. ताटं उचलली. मग तिनं पानाचा डबा आणून गोपाळरावांसमोर ठेवला, झाकणावर अडकित्ता, आणि अडकित्त्याजवळ एक आख्खी सुपारी. दामिनी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं कातरलेलीच सुपारी आली होती. ती आत गेली. राधाबाईंनी एकदा सुपारीकडं, एकदा नवऱ्याकडं पाहिलं.

गोपाळरावांनी अडकित्ता घेतला. सुपारी पात्यात धरली आणि दाबली. ती टप्पकन उडाली, फरशीवर आपटली आणि गडगडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत भांडी घासण्याचा आवाज क्षणभर थांबला. कोणी हसलं नाही. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि गोपाळराव गुडघ्यांवर हात टेकून, सुपारी शोधायला उठले.